उजव्या बाजूचा ब्रेक

शिकाऊ मोटारीत दोन ब्रेक असतात. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, तेव्हा एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा उजव्या सीटपुढे, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. मी, हारम, गेली सव्वीस वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून संसार करतो आहे. गाडीतून उतरलं तरी ही सवय सुटत नाही. जेवताना माझी बायको योके भलत्या विषयाकडे वळली की टेबलाखाली माझा उजवा पाय आपसूक दाबला जातो. तिला ते बरोबर कळतं. "दाबलास ना आत्ता?" असं विचारून ती तोच विषय दुप्पट वेगाने पुढे नेते.

ह्या सव्वीस वर्षांत माझ्या शेजारी बसून किती माणसं रडली असतील, गणतीच नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर गुंतलेले असले आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सक्ती नसली की माणूस भडाभडा बोलतो. एका बाईंनी रिव्हर्स घेता घेता आपला मोडलेला संसार मला सांगितला. एका गृहस्थांनी मुलाबद्दल बोलत बोलत गोल चौकाला अकरा फेऱ्या मारल्या, कारण बोलणंही संपेना आणि बाहेर पडायची वाटही सापडेना. मी काय करायचो? "आरशात बघा", "आता वळा", एवढंच म्हणायचो. तरी उतरताना लोक माझा हात हातात घेऊन म्हणायचे, "तुमच्याशी बोलून फार बरं वाटलं." सव्वीस वर्षं हे ऐकल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरलं. चौपन्नाव्या वर्षी मी ठरवलं की आपण समाजकार्यात मास्टर्स करायचं. हो हो, रीतसर पदव्युत्तर पदवी! दोन वर्षं, आठवड्यातून दोन दिवस कॉलेज, वर्गात चोवीस जण, आणि त्यातला एक मी. माहितीपत्रक हातात पडलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की माझ्या विद्यार्थिनीने लाल सिग्नल तोडला आणि मी तिला "छान" म्हणालो.

बातमी फोडली ती मार्चमध्ये, योकेच्या वाढदिवसाला. दिवाणखान्यात नेहमीप्रमाणे खुर्च्यांचं रिंगण केलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाने रिंगणातल्या प्रत्येकाचं अभिनंदन केलं. योकेचं, तिचा नवरा म्हणून माझं, तिची आई म्हणून सासूबाईंचं, आणि तिची शेजारीण म्हणून समोरच्या ट्रुसचंसुद्धा. केकची एकेक फोड झाली, कॉफी झाली, एकेक बिस्कीट झालं, आणि योकेने डब्याचं झाकण लावलं. त्या क्षणी मी उठून उभा राहिलो.

"मी समाजकार्यात मास्टर्स करणार आहे," मी म्हणालो.

 पहिली बोलली ती ट्रुस. ही सत्तर वर्षांची बाई दिवसभर खिडकीत बसते, आणि तिच्या खिडकीतून जे दिसत नाही ते आमच्या गल्लीत घडलेलंच नसतं. "कशाला?" ती म्हणाली. "तू गाडी बरी शिकवतोस की. म्हणजे, चालेल अशी शिकवतोस. माझ्या भाचीला चौथ्यांदा मिळालं लायसन्स."

मग कोब खाकरला. कोब आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटाचा अध्यक्ष. असं पद अस्तित्वात नाही, पण निवृत्त झाल्यापासून तो त्या पदावर आहे. "समाजकार्यात दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, शेजारी."

"अरे, मी सव्वीस वर्षं—"

"बघ. मध्ये बोललास."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "मला वृद्धाश्रमात टाकायला आता बाहेरचा माणूस बोलवायला नको."

मला राग आला नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण मोठी माणसं पहिल्यांदा अशीच हिणवली जातात, असं म्हणून मी दुसरं बिस्कीट मागितलं. ते मिळालं नाही.

ह्या समारंभाला गल्लीतून फक्त एक माणूस आला नव्हता. कोपऱ्यातल्या घरातले ओस्टिंग. वय एकोणऐंशी. बायको मीप दोन वर्षांपासून चौदा किलोमीटरवरच्या गावात, विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात. ओस्टिंग कुणाकडे जात नसत, आणि माझी तर चाहूल लागली तरी रस्ता ओलांडून पलीकडे जात. म्हातारपणी माणूस तिरसट होतो, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला होता.

अर्जाबरोबर चार गोष्टी हव्या होत्या, आणि मुदत एक मे. पहिली गोष्ट, जुन्या पदवीचं मूळ प्रमाणपत्र. मी एके काळी भूगोलाचा शिक्षक व्हायला शिकलो होतो. वर्ग मला घाबरत नाही हे लक्षात आल्यावर मोटारीकडे वळलो. पण ते प्रमाणपत्र कुठे? माळा झाला, तळघर झालं, सासूबाईंचा माळा झाला. तीन दिवसांनी योके म्हणाली, "जाड कागद होता का रे तो? पिवळसर?" आणि संडासाकडे गेली. आमच्या संडासात, दारासमोरच्या भिंतीवर, सगळ्यांच्याच घरी असतं तसं वाढदिवसांचं कॅलेंडर आहे. ते वळू नये म्हणून योकेने लग्नानंतर त्याच्या मागे एक जाड कागद लावला होता. म्हणजे इतकी वर्षं मी रोज सकाळी माझ्याच पदवीसमोर बसत होतो. मी ते प्रमाणपत्र काढून घेतलं, आणि तेव्हापासून आमच्या कॅलेंडरचं शेवटचं पान खालून गुंडाळलं जातं. डिसेंबरात जन्मलेल्यांना शुभेच्छा जात नाहीत.

दुसरी गोष्ट, सद्वर्तनाचा सरकारी दाखला. तो यायचा होता, पण मागाहून दिला तरी चालणार होता. तिसरी, 'मला हे का शिकायचं आहे' ह्याचं पत्र. मी नऊ पानं लिहिली. योकेने ती शांतपणे वाचली. "पहिली आठ पानं काढून टाक," ती म्हणाली. "नवव्यावर तुझी सही आहे, ती चांगली आली आहे."

आणि चौथी गोष्ट. कुणा एका गरजू माणसाबरोबर त्याच्या स्वयंपाकघरात बसून बोलायचं, त्याला कसली मदत हवी आहे ते समजून घ्यायचं, आणि त्याचा दोन पानी अहवाल त्या माणसाच्या सहीनिशी पाठवायचा. सही नसेल तर अर्ज बाद.

गरजू माणूस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ओस्टिंगच आले. पण कुणाच्या दारावर न कळवता थाप मारायला मी काही रानटी नव्हे. मी छान पत्र टाइप केलं. वर ठळक अक्षरात 'स्वयंपाकघरातली बैठक', खाली तारीख, वेळ, गुरुवार, साडेदहा. आणि ओस्टिंग नाही म्हणाले तर हाताशी कुणी असावं, म्हणून तसंच पत्र गल्लीतल्या बाकी अकरा घरांतही टाकलं. वेळा मात्र प्रत्येकाला वेगळ्या दिल्या. नियोजनात मी कधीच कमी पडलो नाही.

आता इथेच माझी चूक झाली. आमच्याकडे नगरपालिकेचा माणूस कुणाला घरकामाची मदत द्यायची आणि कुणाला नाही हे ठरवायला येतो तेव्हा तो असाच वेळ घेऊन येतो, असाच स्वयंपाकघरात बसतो, आणि त्याच्या पत्रावर हेच शब्द असतात. मी ते विसरलो नव्हतो. मला वाटलं, लोकांना कळेल की हा आपला हारम आहे. लोकांना कळलं ते असं की नगरपालिकेने हारमला नेमलं.

ओस्टिंगांचं उत्तर दुसऱ्या दिवशी दारातून आत पडलं. 'गुरुवारी मी नसतो. बाकीच्या दिवशी मला काही नको. ओस्टिंग.' बाकी अकरा घरांनी मात्र होकार कळवला. अकराच्या अकरा! मी योकेला उचलून घेणार होतो, पण तिने नजरेनेच थांबवलं.

ट्रुसने दार उघडलं तेव्हा ती लंगडत होती. जिन्यावरून वर नेणारी खुर्ची हवी, गुडघ्याने दगा दिला आहे, असं तिने सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून काहीतरी उभं होतं आणि त्याच्यावर चादर टाकली होती. चादरीखालून चाक दिसत होतं.

"ट्रुस, काल तू सायकलवरून बाजारातून आलीस."

"काल बरी होते," ती म्हणाली. "आज बैठक आहे."

कोबकडे प्लास्टिकच्या कव्हरात घातलेली सात कलमी यादी होती. त्याच्या गाडीवर चिकट रस टाकणारं झाड तोडणे, रस्त्यावरचा दिवा त्याच्या उशीपासून दूर सरकवणे, वगैरे. मी त्याला म्हणालो, "कोब, हे समाजकार्य नव्हे." तो म्हणाला, "ते झाड समाजात आहे." मी लिहून घेतलं. माहितीपत्रकात स्वच्छ सांगितलं होतं की वचन देऊ नका, नकार देऊ नका, नोंद घ्या. म्हणून मी अकरा घरांत अकरा वेळा गंभीर चेहरा करून म्हणालो, "नोंद घेतली." काय सुंदर आठवडा होता तो! लोक बोलत होते, मी लिहीत होतो, पुढ्यात कॉफी येत होती. आपण शंभर टक्के ह्याच कामासाठी जन्मलो आहोत अशी माझी खात्री पटली.

पुढच्या सोमवारी नगरपालिकेतून फोन आला, ताबडतोब येऊन भेटा म्हणून. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नंबरचा कागद घेऊन पाऊण तास बसल्यावर मला आयलिन नावाच्या बाईंसमोर बोलावलं. त्यांच्या टेबलावर अकरा पत्रं होती. प्रत्येकाचा शेवट सारखाच होता, 'श्री. हारम ह्यांच्याशी ठरल्याप्रमाणे'.

"जिन्याच्या तीन खुर्च्या," आयलिनबाई म्हणाल्या. "एक झाड. एक दिवा. आणि एका गृहस्थांना भरतकामासाठी मदतनीस. तुम्ही आमच्याकडे कोण म्हणून काम करता?"

"मी मोटार शिकवतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझा उजवा पाय इतका जोरात दाबला गेला की टेबल हललं. मी सगळं सांगितलं. मास्टर्स, चोवीस जागा, चौथी गोष्ट, राखीव अकरा घरं. त्या हसल्या नाहीत, पण ओठ मुडपून बसल्या. मी विचारलं, "माझा सद्वर्तनाचा दाखला?"

"तो आमच्या हातात नाही. पण हे प्रकरण पुढे गेलं तर तिकडे विचारणा होईल. तुम्ही असं करा, ह्या अकराही घरी जा, आणि आपण काहीही मंजूर केलेलं नाही असं तोंडाने सांगून या. मग मी ही फाइल बंद करते."

अकरा घरी गेलो. पुन्हा वेळ घेऊन, पुन्हा स्वयंपाकघरात, पुन्हा कॉफी. फक्त बिस्कीट बंद झालं होतं. कोबने माझ्यादेखत आपली यादी कव्हरातून काढली आणि कव्हर वाचवलं. ट्रुस म्हणाली, "म्हणजे माझ्या गुडघ्याचं इतकं सगळं तू उगाच ऐकून घेतलंस?"

"उगाच नाही ट्रुस. मला खरंच वाईट वाटलं होतं."

"मग ते मला आधी सांगायचंस ना. मी खुर्ची मागितलीच नसती," ती म्हणाली आणि सायकल घेऊन बाहेर पडली.

शेवटची चार घरं मी बुधवारी दुपारी उरकली. चार घरं म्हणजे सात कप कॉफी, कारण अपमान होत असताना माणूस 'नको' म्हणत नाही. एक मे परवावर आला होता. माझ्याकडे अहवाल नव्हता, सही नव्हती, अब्रू नव्हती. आणि गल्लीच्या कोपऱ्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की ह्या सगळ्यापेक्षा तातडीची अडचण वेगळीच आहे. माझं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं. ते गाठणं शक्यच नव्हतं. समोर ओस्टिंगांचं दार होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या दाराची बेल न कळवता वाजवली.

दार चार बोटं उघडलं. "वेळ घेतली होती का?" ओस्टिंग म्हणाले.

"संडास," मी म्हणालो.

शेवटी तेही माणूसच. बाजूला झाले.

आणि मग मी बसलो होतो, आणि समोर त्यांचं कॅलेंडर होतं. वाढदिवस गोल, सुबक अक्षरात लिहिलेले. ते मीपचं अक्षर. अर्ध्याहून जास्त नावांवर काट मारलेली. त्याखाली पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरात दोन, नऊ, सोळा, तेवीस, तीस एप्रिल ह्या तारखांना गोल केला होता, आणि प्रत्येक गोलापुढे लिहिलं होतं, 'मीप'. सगळे गुरुवार. बाजूला बसचं वेळापत्रक टाचलं होतं आणि त्यावर भली मोठी फुली होती, कारण ती बस दोन वर्षांपूर्वी बंद झाली. मी पान उलटलं. मे महिन्यातही तसेच गोल. जूनमध्ये बारा तारखेला लाल रंगात लिहिलं होतं, 'लायसन्स संपतं. डोळे तपासणी.' त्यानंतरच्या पानांवर पेन्सिल टेकवलेलीच नव्हती. जुलै नाही, ऑगस्ट नाही, काही नाही.

मी गरजेपेक्षा जास्त वेळ बसून राहिलो. हा माणूस दोन वर्षं मला टाळायला रस्ता ओलांडत होता तो तिरसट म्हणून नव्हे. आपल्याला नीट दिसत नाही हे अख्ख्या गल्लीत पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल, तर मोटार शिकवणाऱ्याच्या, म्हणून. आणि मी अकरा घरी फिरत होतो! 

बाहेर आलो तर ओस्टिंग तिथेच भिंतीला टेकून उभे होते.

"वाचलंस?"

"वाचलं."

"सगळेच वाचतात. तिथे बसून दुसरं करणार काय." मग त्यांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. "उद्या गुरुवार आहे. मी चालवतो, तू शेजारी बस. तुझ्या गाडीत. मला जमतं की नाही, खरं काय ते सांग."

"सांगतो," मी म्हणालो, आणि लाज वाटत असूनही पुढे विचारलंच, "आणि माझ्या कागदावर सही?"

"आधी गाडी," ओस्टिंग म्हणाले.

ते वाईट चालवत नव्हते. पन्नास वर्षांचा हात होता. गिअर लोण्यासारखे पडत होते. पण बेकरीपाशी उजव्या गल्लीतून एक सायकलवाली आली, आणि ओस्टिंगांना ती दिसलीच नाही. माझा पाय दाबला गेला.  पुढे कालव्यावरचा पूल बोटीला वाट द्यायला उघडत होता, लाल दिवा लुकलुकत होता, घंटा वाजत होती, आणि आम्ही त्याच वेगाने निघालो होतो. पुन्हा माझा पाय. बोटवाल्याने आम्हाला हात केला. मी त्याला हात केला, दुसरं काय करणार.

आश्रमात मीप कोट घालून खिडकीशी बसली होती. तिथली नर्स म्हणाली, "ह्यांना नावं आठवत नाहीत, पण गुरुवार बरोबर कळतो. सकाळपासून कोट काढू देत नाहीत."

"उशीर झाला," मीप ओस्टिंगांना म्हणाली.

"पुलावर थांबलो होतो," ओस्टिंग म्हणाले, आणि तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

परत येताना मी चालवत होतो.  समोर बघतच ओस्टिंगांनी विचारलं, "कितीदा दाबलास?"

आता सव्वीस वर्षांत मी हा प्रश्न हजार वेळा ऐकला आहे आणि हजार वेळा खरं उत्तर दिलं आहे. त्याशिवाय माणूस रस्त्यावर वाचत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढून ते बटण जाईना. आणि खोटं कशाला बोलू, ती सहीसुद्धा डोळ्यांपुढे होती.

"एकदा," मी म्हणालो. "थोडा सराव केलात तर..."

"बरं," ओस्टिंग म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी अहवाल लिहिला. इतका चांगला अहवाल मी पुन्हा लिहू शकणार नाही. 'वाहन चालवताना एकदा ब्रेक दाबावा लागला,' असंही लिहिलं. 'गरज' ह्या रकान्यात माहितीपत्रकातला एक भारदस्त शब्द घातला, 'सामाजिक संपर्क', आणि कागद त्यांच्या दारातून आत सरकवला. शुक्रवार उजाडला. एक मे. सकाळ गेली, दुपार गेली. मी दर दहा मिनिटांनी आमच्या दारामागे काही पडलं आहे का ते बघत होतो.

"जाऊन विचार ना," योके म्हणाली.

"न कळवता?"

संध्याकाळी सहा वाजता बटाटे टेबलावर आले, आणि बेल वाजली. सहा वाजता! आमच्याकडे जेवणाच्या वेळी बेल वाजवतो तो एक तर मीटर बघणारा नाही तर वेडा. दारात ओस्टिंग होते. सरळ आत आले, स्वयंपाकघरात गेले, योकेची खुर्ची ओढून टेबलापाशी बसले आणि बटाट्यांच्या शेजारी माझा अहवाल पसरला.

"पेन," ते म्हणाले.

मी पेन दिलं. त्यांनी चष्मा लावला, तो काढला, दुसरा लावला. मग कागद नाकाजवळ धरून 'एकदा' ह्या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'दोनदा'.

"बेकरी," ते म्हणाले. "आणि पूल. मला दिसत नाही हारम, पण गाडी थांबलेली कळते. लिहिणार असशील तर नीट लिही."

 बोलायला तोंड उघडलं तर योकेने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ओस्टिंगांनी 'सामाजिक संपर्क' हे शब्दही खोडले आणि गरजेच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'गुरुवार'. मग सही केली, आणि खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढून बटाट्यांशेजारी ठेवली.

"मला किती दिसतं ते आता बारा जूनला तपासायला नको," ते म्हणाले. "पण ती कोट घालून बसते. तेवढं काय ते बघ."

योकेने चौथी ताटली आणली, कारण तिसरी सासूबाईंची होती. न कळवता आलेला माणूस आमच्या टेबलावर जेवला, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. सासूबाईंनी तर त्यांचं अभिनंदनही केलं. कशाबद्दल ते त्यांना सुचलं नाही, पण केलं. ती खोडाखोड केलेली दोन पानं मी त्याच रात्री तशीच्या तशी पाठवून दिली.

पुढचं सगळं भराभर झालं. दाखला आला, स्वच्छ. आयलिनबाईंनी ओस्टिंगांसाठी एक फॉर्म दिला आणि उत्तर सप्टेंबरपर्यंत येईल असं सांगितलं. सप्टेंबरपर्यंतच्या गुरुवारांचं काय करायचं म्हणून मी पुन्हा अकरा घरी गेलो, आणि ह्या वेळी आधीच सांगितलं की मी कुणीही नाही, मी फक्त विचारायला आलो आहे. ट्रुसने तीन गुरुवार घेतले. "गाडीला गुडघा कमी लागतो," ती म्हणाली. कोबने वाचवलेलं कव्हर कामी आलं. त्याने पाळ्यांचा तक्ता करून त्यात घातला.

मुलाखतीला तीन जण होते. मधल्या बाईंनी माझी दोन पानं समोर धरली. "ही खोडाखोड कोणाची?"

"ज्यांना मदत करायला गेलो होतो त्यांची."

"म्हणजे पहिल्यांदा तुम्ही खोटं लिहिलं होतं?"

माझ्याकडे ह्यावर निदान दहा मिनिटांचं उत्तर तयार होतं. बटण, पूल, बोटवाला, सव्वीस वर्षं, सगळं. टेबलाखाली माझा पाय दाबला गेला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या ब्रेकने मला स्वतःला थांबवलं.

"हो," मी म्हणालो, आणि गप्प बसलो.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. नोंद घेतली म्हणायचं.

निवड झाल्याचं पत्र आलं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. मी दारातच इतक्या मोठ्याने ओरडलो की योके वरच्या मजल्यावरून खाली यायच्या आत ट्रुसने खिडकीतून पाहून गटावर टाकलं होतं, 'हारमला घेतलं. आश्चर्य.' मी अख्ख्या गल्लीत पळत एक चक्कर मारली. चौपन्न वर्षांच्या माणसाने पळू नये असं कोब म्हणाला, पण टाळी दिली.

त्याच आठवड्याचा गुरुवार माझा होता. आमची गाडी योके घेऊन गेली होती, म्हणून शिकवायची गाडीच काढली. मी चालवायला बसलो, ओस्टिंग उजवीकडे. पायाखाली काहीतरी लागलं म्हणून त्यांनी वाकून पाहिलं, आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं जे मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी फार खुशीत होतो. पहिल्या वर्षाचे विषय सांगत होतो, कॉलेजात मी सगळ्यांत म्हातारा असणार, दप्तर कुठलं घ्यायचं, एकेक. बेकरीपाशी मी हात वर करून एक मुद्दा पटवून देत होतो, आणि गाडी खाडकन थांबली. समोरून एक सायकलवाली गेली. ओस्टिंग समोर बघत होते; ती त्यांना दिसली नसेल, पण ही जागा आता त्यांना पाठ होती. मी विषय पुढे चालू केला. पुलाची घंटा सुरू झाली होती, दिवा नुकताच लाल होत होता, आपण निघू असं मला वाटलं होतं, पण आम्ही निघालो नाही. पूल उघडला, बोट गेली, पूल मिटला.

मीप कोट घालून खिडकीशी बसली होती. "उशीर झाला," ती म्हणाली.

"हा फार बोलतो," ओस्टिंग म्हणाले आणि तिचं वरचं बटण लावलं.

परतीच्या वाटेवर मी मुद्दाम खडा टाकला. "आज एकदा दाबलात तुम्ही."

"दोनदा," ओस्टिंग म्हणाले. "सांगणार असशील तर नीट सांग."